घरी तेलुगू, दारी मराठी : पूर्व भागातल्या पोरी आणि त्यांच्या आया

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरात 'तुम्ही इकडे कधी आलात?' असं विचारलं की उत्तर पणजोबांपासून सुरू होतं. १८७६-७८ चा दुष्काळ, १८७७ ची जुनी मिल, निजामाच्या मुलखातून निघालेली विणकर कुटुंबं, मग हातमाग, मग यंत्रमाग, चादर आणि टॉवेल. हा सगळा हिशेब पुरुषांचा. त्याच घरात आईला विचारा. ती बऱ्याचदा तेलंगणातल्या सिरसिल्ल्याची निघते, नाहीतर करीमनगरकडची, वरंगलकडची. लग्न करून आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर ठाऊक नव्हतं. म्हणजे बापाकडून चौथ्या पिढीतली मुलगी आईकडून दुसऱ्याच पिढीत असते. आणि लहान मुलाची पहिली भाषा आईच्या तोंडून येते, त्यामुळं शंभर-सव्वाशे वर्षं शहरात काढलेल्या घरातलीही मुलगी पहिलीच्या वर्गात नव्यानं आलेल्यासारखी बसते.

पुढं तिचं लग्न सिरसिल्ल्यात किंवा सुरतेत ठरलं की ती तिथली पहिली पिढी होते. भावाला यातलं काही करावं लागत नाही. तो कन्ना चौकातच राहतो, त्याचं मोडकंतोडकं तेलुगू आणि गल्लीतलं मराठी त्याला जन्मभर पुरतं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : या मुलींना दोन्ही भाषा नुसत्या बोलता येऊन भागत नाही. दोन्ही वाचता-लिहिता याव्यात, दोन्हीकडचे सण स्वतःच्या हातानं करता यावेत, आणि दोन्हीकडचे कागद चोख असावेत. यातलं काहीही आपोआप होत नाही. कसं करायचं आणि कुठं अडतं, ते खाली लिहिलं आहे.

आधी भाषा, कारण पहिला मार तिथंच बसतो.

तेलुगूत बाई आली काय नि बस आली काय, एकवचनी क्रियापद एकच : 'अम्मा वच्चिंदि', 'बस्सु वच्चिंदि'. पुरुष आला तरच ते बदलतं. त्यामुळं घरी तेलुगू बोलणारी मुलगी शाळेत 'आई आलं' म्हणते आणि वर्ग हसतो. ती चुकत नसते, ती घरचा नियम नेमका पाळत असते. शिवाय तेलुगूत भिंत, दार, उंबरठा यांना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. मराठीत प्रत्येक वस्तूचं लिंग वेगळं पाठ करावं लागतं आणि त्याला फारसा तर्कही नाही.

यावर तो-ती-तेचे तक्ते पाठ करून घेणं हा सगळ्यात वाईट उपाय. तक्ता पाठ होतो, बोलताना आठवत नाही. त्यापेक्षा शब्द शिकवतानाच पुढं विशेषण लावून शिकवा : मोठी भिंत, मोठं दार, मोठा उंबरठा. विशेषण बदलणारं निवडा. मोठा, काळा, चांगला, ओला ही बदलतात. लाल, सुंदर, गरम ही विशेषणं बदलतच नाहीत, त्यामुळं 'लाल भिंत, लाल दार' असं शंभरदा म्हटलं तरी हाती काही लागत नाही. रोज घरातल्या पाच वस्तू घ्या, दुसऱ्या दिवशी आधीच्या पाच विचारून मग नव्या. बालवाडीच्या वयात सुरू केलं तर दुसरीत जाईपर्यंत नेहमीच्या शब्दांची अडचण संपते. चौथीत सुरू केलं तर तोवर वर्गात गप्प बसायची सवय लागलेली असते, आणि ती सवय व्याकरणापेक्षा चिवट असते.

दुसरी अडचण भूतकाळाची. मराठीत 'मी भाकरी खाल्ली', क्रियापद भाकरीप्रमाणं चालतं. तेलुगूत ते खाणाऱ्याप्रमाणंच चालतं, कन्नडातही तसंच. म्हणून 'मी भाकरी खाल्लो', 'मी अभ्यास केलो'. आता गंमत अशी की अख्खं सोलापूर हेच बोलतं. बाळीवेशीतला पक्का मराठी माणूसही 'मी काम केलो की बे' म्हणतो. त्यामुळं मुलीला घरीही तेच ऐकू येतं, रस्त्यावरही तेच, आणि पेपरात मात्र लाल शाई. तिला 'हे चूक आहे' असं सांगू नका. गल्लीत चालतं, वहीत चालत नाही, एवढंच सांगा. बारा वर्षांच्या पोरीला हा भेद सहज कळतो. कपडे घरचे वेगळे आणि शाळेचे वेगळे, हे तिला कळतंच ना.

काही गोष्टी मात्र या मुलींना फुकटात मिळतात, पण शिक्षक त्याकडं बघत नाहीत. 'आपण' आणि 'आम्ही' यातला फरक हिंदीभाषक मुलांना समजवावा लागतो. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असा तोच फरक असल्यानं इथं तो आधीच पक्का असतो. ळ येतो. चाकातला च आणि चिंचेतला च वेगळा, हेही तेलुगूत आहेच. या मुलींना मराठी उच्चार शिकवायची गरज जवळजवळ नसते, लिंग आणि भूतकाळ एवढ्यावरच जोर दिला तर पुरतं.

माध्यम कोणतं, हा प्रश्न हल्ली इंग्रजीनं परस्पर सोडवलेला दिसतो. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आहे, त्यामुळं मराठी कुठंही गेलं तरी येणारच. ज्या घरात आई-बापांपैकी कुणालाच इंग्रजी वाचता येत नाही तिथं इंग्रजी माध्यम घेतलं तर मुलीची तिसरी भाषा ही अभ्यासाची पहिली भाषा होते, आणि घरी तिला विचारायला कुणी नसतं. मला विचाराल तर अशा घरांत मराठी माध्यम, इंग्रजी पहिलीपासून नीट, आणि तेलुगू लिपी घरी.

तेलुगू लिपी कशाला, बोलता येतं की, असं घरचे म्हणतात. बोलता येतं ते सोलापूरचं. निम्मे शब्द मराठी, क्रियापदाला तेलुगू शेपूट. सासरी गेल्यावर त्यावर थट्टा होते ती होतेच, पण खरी अडचण रेशन कार्डावर, बसच्या पाटीवर, दवाखान्याच्या चिठ्ठीवर येते. शिकलेली सून तिथं अक्षरशत्रू ठरते आणि नवऱ्याला विचारल्याशिवाय तिला बसही धरता येत नाही.

लिपी शिकायला रोज वीस मिनिटं आणि साधारण तीन महिने धरा. देवनागरीत तेलुगू लिहून शिकवू नका. तेलुगूत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात, देवनागरीत नाहीत. ऱ्हस्व ए असलेलं 'मेड' म्हणजे मान, दीर्घ ए असलेलं 'मेड' म्हणजे माडी. देवनागरीत दोन्ही एकसारखी दिसतात. दुसरी अडचण जोडाक्षराची. आपल्याकडं पहिलं व्यंजन अर्धं करून डावीकडं लिहितात. तेलुगूत पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं बारीक होऊन त्याच्या खाली किंवा बाजूला बसतं. 'अम्मा'मध्ये वरचा म पूर्ण, खाली म चा वत्तु, म्हणजे तेच बारीक रूप. मराठी शिकलेली मुलगी इथं नेमकी उलट करते. म्हणून जोडाक्षरं शेवटी ठेवू नका. दुसऱ्या आठवड्यातच अम्मा, अक्का, अन्ना, अव्वा हे चार शब्द घ्या, रोजचेच असल्यानं डोळ्यात बसतात. प, व आणि म ही अक्षरं तेलुगूत एकमेकांसारखी दिसतात, ती एका दिवशी शिकवू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. वाचायला पुस्तकापेक्षा लग्नपत्रिका बरी. पूर्व भागात तेलुगू पत्रिका घरोघरी पडलेल्या असतात, आणि त्यातली नावं मुलीच्या ओळखीची असतात.

हे सगळं भावालाही शिकवा. त्याला गरज नाही म्हणून सोडलं की शिकणं हे बाईचं काम ठरतं, आणि त्याच्या मुलांना शिकवायला पुन्हा नवी सून लागते.

आता नाव. हे प्रकरण किरकोळ वाटतं, पण मुलीच्या शिक्षणाचे पैसे सगळ्यात जास्त इथंच अडतात.

तेलुगू रिवाजात घराण्याचं नाव पुढं, मग माणसाचं. वडिलांचं नाव मध्ये येतंच असं नाही. महाराष्ट्रात नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बाळंतपण आईच्या माहेरी, तेलंगणात झालेलं असलं तर जन्मदाखला तिकडच्या पद्धतीचा, शाळेचा दाखला इकडच्या पद्धतीचा, आणि आधार ज्यानं भरलं त्याच्या मर्जीचं. त्यात घरी 'लक्ष्मम्मा' म्हणतात, शाळेत 'लक्ष्मी' असते. इंग्रजी स्पेलिंग तर वेगळीच कथा. तेलंगणात त साठी टी-एच लिहितात, महाराष्ट्रात नुसता टी. त्यामुळं लता, गीता, स्वाती या साध्या नावांची दोन दोन स्पेलिंग होतात. माणसाला ती एकच वाटतात, संगणकाला नाही.

याचा फटका कुठं बसतो बघा. पूर्व भागात पुष्कळ आया विडी वळतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाकडून शिष्यवृत्ती मिळते. पहिलीच्या मुलीला वर्षाला १,००० रुपयांपासून ते व्यावसायिक पदवीला २५,००० रुपयांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. त्याला आईचं विडी कामगार ओळखपत्र, मुलीचं आधार, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. आईच्या ओळखपत्रावर 'बाई' लावलेलं नाव, आधारवर 'अम्मा' लावलेलं, मुलीच्या आधारवर टी-एच आणि शाळेत नुसता टी. अर्ज भरला जातो, पैसे येत नाहीत. घरचे म्हणतात सरकार देत नाही. बहुतेक वेळा खातं आधारशी जोडलेलं नसतं किंवा नाव जुळत नसतं.

क्रम असा ठेवा. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव आहे का ते आधी बघा. नाव न घालता जन्म नोंदवलेला असेल तर पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. त्या दाखल्यावरच्या नावाप्रमाणंच आधार करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळं घाईनं अर्धवट दुरुस्ती करू नका. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतातच, तेव्हाच स्पेलिंग तपासून घ्या. शाळेतलं नाव दहावीचा फॉर्म भरण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चूक छापली की पुढचं सगळं त्या चुकीप्रमाणं करत बसावं लागतं, किंवा राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून तो कागद जन्मभर सोबत बाळगावा लागतो.

जातीच्या दाखल्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात पद्मशाली विशेष मागास प्रवर्गात येतात, तेलंगणात बीसी-बी, म्हणजे मागासवर्गाच्या ब गटात. दोन्ही यादीत जात आहे म्हणून दाखला कुठलाही चालेल असं मात्र नाही. महाराष्ट्रात घराणं ठरलेल्या तारखेआधीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आपल्या प्रवर्गाला कोणती लागू, ते सेतू केंद्रात विचारून घ्या. पुरावा वडिलांकडून चालतो, आईच्या माहेरचे कागद इथं उपयोगी नाहीत. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा सगळ्यात भारी. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा शोधा आणि वंशावळीनं जोडा. जुन्या नोंदीत जात वेगवेगळ्या लेखनानं लिहिलेली सापडते. ती खोडून सुधारायला जाऊ नका, आहे तशी नक्कल घ्या आणि प्रतिज्ञापत्रात खुलासा करा. हे काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, दहावीतच सुरू करा. पडताळणीला वेळ लागतो आणि प्रवेशाची तारीख थांबत नाही.

आणखी एक ओझं आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही. आईला मराठी येत नाही, बाप मागावर, म्हणून आठ-दहा वर्षांची मुलगी घराची दुभाषी होते. रेशन दुकान, बँक, वीज बिल, इथवर ठीक. पण दवाखान्यातही तीच. आईच्या पाळीच्या तक्रारी, गर्भपाताचा सल्ला, गाठीचा रिपोर्ट हे अकरा वर्षांच्या मुलीनं डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांचं आईला सांगायचं. आई लाजून निम्मं सांगत नाही, मुलगी न कळून निम्मं गाळते, आणि औषध भलत्याच दुखण्याचं मिळतं. अशा वेळी गल्लीतली एखादी मोठी बाई, दोन्ही भाषा येणारी आशाताई किंवा वदिना (वहिनी) सोबत न्या. मुलीला शाळेत पाठवा. आणि आईला मराठी शिकवा, पण शाळेसारखं नको. आधी देवनागरी आणि इंग्रजी आकडे, कारण बस, रेशन आणि पासबुक यांवर तेच असतात. मग स्वतःचं, मुलांचं आणि चौकाचं नाव. मग दुखणं सांगायची दहा-बारा वाक्यं : कुठं दुखतं, किती दिवसांपासून, पाळी कधी आली, कुठल्या गोळ्या चालू आहेत. एवढं येणारी बाई एकटी सिव्हिलमध्ये जाऊन येऊ शकते.

विडीच्या कामात मुलीचा वेळ कसा जातो तेही पाहा. पानं भिजवायची, पत्र्याच्या फर्म्यावर कापायची, तंबाखू भरून वळायची, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर आईचा दिवस जातो. पान कापणं आणि कट्टे बांधणं मुलीकडं येतं, कारण 'बसल्या बसल्या होतं'. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, कातडीतूनही. एकाच खोलीत विडी आणि अभ्यास दोन्ही असेल तर निदान सूप दाराशी उजेडाला ठेवा, मुलीची जागा त्याच्या उलट बाजूला ठेवा, आणि परीक्षेच्या महिन्यात आईनं दिवसाला दोनशे विड्या कमी वळल्या तरी चालेल असं घरात आधीच ठरवून टाका. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना स्वतःच्या नावावर घरं मिळाली, तेव्हा वेगळ्या कोपऱ्याची सोय पुष्कळ पोरींना प्रथमच झाली.

सणांच्या बाबतीत मात्र या मुलींची चैन आहे. फक्त दोन्हीकडचं नीट जमवावं लागतं. चैत्र शुद्ध प्रतिपदा, दाराशी गुढी आणि आत उगादीची पच्चडी. नारळी पौर्णिमेला मराठी मैत्रिणी राखी बांधतात, पूर्व भागात जानवी बदलतात आणि मार्कंडेयाचा रथ निघतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, तिळगूळ आणि घरात सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली कडी. शाळेतल्या निबंधात मात्र निम्माच सण उतरतो, कारण दुसऱ्या निम्म्याला मराठी शब्द नाही असं मुलींना वाटतं. तेलुगू शब्द सरळ लिहावेत. गडबडीत कुणी मार्क कापले तर कापू द्या.

उगादी पच्चडी सहा जणांसाठी : लिंबाएवढी चिंच एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढा. त्यात अर्धी वाटी चिरलेला गूळ विरघळवा, दीड-दोन वाट्या पाणी घाला, अर्धी वाटी कैरी साल काढून बारीक चिरून टाका, चिमूटभर मीठ, पाव चमचा तिखट किंवा मिरपूड. कडुलिंबाचा फुलोरा एक चमचा, तोही अगदी शेवटी, वाढायच्या आधी पाच मिनिटं. तेलंगणातली पच्चडी पातळ असते, पेल्यातून पितात. ती बिघडते फुलोऱ्यामुळं. हिरव्या देठांसकट घातला की कडू जहर होते, आणि सकाळीच घालून ठेवला तर दुपारी कुणी तोंड लावत नाही. फुलोरा ताटात घेऊन तळव्यानं हलका चोळा आणि फुंकर घाला. पाकळ्या उडून वेगळ्या होतात, त्या घ्यायच्या. गुढीपाडव्याला मराठी घरात कोवळा पाला, गूळ, ओवा आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून देतात. शेजारणीकडं पेलाभर पच्चडी द्या, तिची गोळी घ्या.

बतुकम्मा, म्हणजे फुलांचा डोंगर रचून त्याभोवती फेर धरायचा तेलंगणाचा सण, हा या सगळ्यांत मुलींचा खरा सण. भाद्रपद अमावास्येला सुरू होतो, एंगिली पुला बतुकम्मा म्हणतात, आणि नवव्या दिवशी, अष्टमीच्या सुमाराला सद्दुला बतुकम्मानं संपतो. सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसलेली असते, त्या दिवशी नैवेद्य नाही. साधारण याच दिवसांत मराठी मुलींचा हादगा असतो. तिथं पाटावर हत्ती, इथं ताटावर फुलांचा डोंगर, दोन्हीकडं फेर आणि गाणी. हादग्याला खिरापत ओळखायची असते, सद्दुलाला पाच प्रकारचे भात असतात : दही, चिंच, लिंबू, खोबरं आणि तीळ. मैत्रिणींना बोलवायला याहून सोपं निमित्त नाही, आणि ज्या मुलीला दोन्ही फेर येतात तिला वर्गात कुणी 'तेलंगी' म्हणून वेगळं बसवत नाही.

फुलं विकत घ्यायची गरज नाही. तेलंगणात ज्याला तंगेडू म्हणतात तो आपला तरवड. अक्कलकोट रोडला, हैदराबाद रोडला, माळावर पिवळा धमक फुललेला असतो. गुनुगू म्हणजे आपला कुर्डू, ज्वारी-तुरीच्या रानात तण म्हणून उपटून टाकतात तो. शेतकऱ्याला विचारून आणला तर तो उलट खूश होतो. झेंडू, शेवंती आणि भोपळ्याची फुलं सोबतीला. तरवड दोन-तीन तासांत मान टाकतो, म्हणून सकाळी तोडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. कुर्डू आदल्या दिवशी आणला तरी चालतो. त्याचे पांढरे तुरे रंगाच्या पाण्यात बुडवून उलटे टांगून वाळवले की गुलाबी, निळे, हवे तसे होतात.

रचताना बारा इंची ताट घ्या आणि कडेनं दोन बोटं जागा मोकळी सोडून भोपळ्याची किंवा एरंडाची पानं अंथरा. फुलांच्या मूठ-मूठ जुड्या दोऱ्यानं बांधा, देठ सारखे कापा. पहिला थर तरवडाचा, फुलं बाहेर, देठ आत. मग कुर्डू, मग झेंडू, असे थर वर चढवत प्रत्येक थर अर्धा बोट आत घ्या. मधली पोकळी दर थराला चिरलेल्या पानांनी आणि देठांनी दाबून भरत जायची. बतुकम्मा कोसळते ती नव्वद टक्के वेळा ही पोकळी नीट न भरल्यामुळं, उरलेल्या वेळा पावसानं भिजलेली फुलं न निथळता लावल्यामुळं. फूटभर उंचीवर थांबा. फेर धरायला ती डोक्यावरून अंगणात न्यायची आहे, हे रचताना विसरायला होतं. वर भोपळ्याच्या फुलात हळदीची गौरम्मा (गौरी) ठेवा. विसर्जनाला तलाव लांब असेल तर मोठी बादली चालते. थर्माकोलचा सांगाडा मात्र नको. तो फुलांच्या बाजाराजवळ हल्ली तयार मिळतो आणि पाण्यात तसाच राहतो.

एका विषयावर मात्र दोन्ही संस्कृतींचं गोड मिश्रण करता येत नाही, तिथं निवड करावी लागते. तेलुगू घरात आत्याचा मुलगा आणि मामाचा मुलगा हा 'बावा', म्हणजे लग्नाला चालणारा, चुलतभाऊ मात्र सख्ख्यासारखा भाऊ. शाळेत मराठी मैत्रिणी आत्याच्या मुलाला दादा म्हणून राखी बांधतात, आणि घरी त्याच नात्यावरून आजी मुलीची थट्टा करते. सहावी-सातवीपासून हे सुरू होतं. मराठी घरांतही मामेबहिणीशी लग्नं होतात, त्यामुळं नाकं मुरडायचं कारण नाही. पण सख्ख्या मामाशी लग्न हा तेलुगू घरांतला रिवाज मराठी मुलींना पार चक्रावून टाकतो. कायद्याचं म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ही नाती निषिद्ध आहेत, पण त्या समाजात चालत आलेली रूढी असेल तर सूट आहे. शरीराचं म्हणाल तर आते-मामे भावंडांच्या अपत्यात दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाचा तोच जनुक (सदोष असला तर तोही) एकत्र येण्याचा अंश १/१६, मामा-भाचीच्या अपत्यात १/८, म्हणजे दुप्पट. असं लग्न पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या घरात हा अंश आणखी वाढतो. लग्न ठरत असेलच तर आधी दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करा, आणि घराण्यात जन्मतः बहिरं, दृष्टी गेलेलं किंवा लहानपणी दगावलेलं कुणी आहे का ते लिहून काढून डॉक्टरांना दाखवा. थट्टेचा उपाय साधा आहे. आईनं आजीला स्पष्ट सांगायचं की अठरा वर्षांची होईपर्यंत या विषयावर बोलायचं नाही. मुलीनं स्वतः सांगितलं तर ते उद्धटपणात जमा होतं. अठराच्या आत कुणी साखरपुडा उरकायला बघत असेल तर १०९८ हा क्रमांक मुलीला पाठ असू द्या.

पहिली पाळी आल्यावरचा समारंभही याच जातीचा. तेलुगू घरात पत्रिका, मांडव, साडी, फोटो. मराठीतही न्हाणाचा मखर होता, पण शहरात तो मागं पडला. वर्गातली मुलं त्याच गल्लीत राहतात आणि मांडव कशाचा ते सगळ्यांना कळतं. मुलीला विचारा. नको म्हणाली तर तीळ-गूळ-खोबरं, नवा परकर आणि घरच्या पाच बायका एवढ्यावर भागवा. हो म्हणाली तर मांडव घाला, पण सुट्टीत.

लग्न ठरून मुलगी तेलंगणात निघाली की हे कागद तिच्या पिशवीत मूळ प्रतींसह द्या : जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र, इथल्या रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. शेवटचा कागद नसेल तर तिकडं कार्डात नाव चढायला महिनोन्‌महिने जातात. जात वडिलांकडून येते, लग्नानं बदलत नाही, आणि महाराष्ट्राच्या दाखल्यावर तेलंगणाच्या सरकारी भरतीतलं आरक्षण आपोआप मिळत नाही. सासरचे 'इथं आपण बीसी-बी आहोत, नवा दाखला काढू' म्हणतील. तहसीलमध्ये वडिलांचा पत्ता विचारला जातो आणि तिथं गाडी थांबते. विवाह नोंदणी लग्नाच्या गावी लगेच करून घ्या आणि त्यात नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणंच घाला, टी-एचची भर नको. लग्नानंतर नाव बदलायचंच असेल तर आधी आधार, मग बँक, मग पॅन या क्रमानं, आणि सगळे कागद एका नावावर येईपर्यंत माहेरच्या नावाचं खातं बंद करू नका.